उसण भरल्यावर मिळणारी गोळी नेमकं काय करते?

गॅसचा सिलिंडर सरकवताना, ओल्या कपड्यांची बादली उचलताना, कधी नुसतं शिंकतानाही पाठीत उसण भरते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. सरळ उभं राहता येत नाही, कूस बदलता येत नाही. डॉक्टर पाठ दाबून बघतात, आडवं झोपवून पाय उचलायला लावतात आणि चार-पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. त्यांत बऱ्याचदा एक मसल रिलॅक्संट असतो. ही गोळी रक्तातून थेट पाठीत पोचते आणि तिथला आखडलेला स्नायू सैल करते, अशी आपल्या सगळ्यांची समजूत असते.

तसं होत नाही. कंबरदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या या औषधांचं काम मेंदूत आणि मज्जारज्जूत चालतं. पाठीच्या स्नायूवर त्यांचा थेट असा परिणाम जवळपास नसतोच. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात राहिली तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं: गोळी घेतल्यावर झोप का येते, गाडी का चालवायची नाही, घरातल्या वयस्कर माणसांना ती जपून का द्यायची आणि डॉक्टर ती थोड्याच दिवसांसाठी का लिहितात.

स्नायू का आखडतो

पाठीतल्या चकतीला, मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांना किंवा स्नायूला इजा झाली, ताण बसला, की ती खबर नसांमार्फत मज्जारज्जूत जाते. तिथून आजूबाजूच्या स्नायूंना घट्ट होण्याचा आदेश येतो, म्हणजे दुखऱ्या जागेची हालचाल कमी होईल. हे शरीराने स्वतःसाठी केलेलं संरक्षण आहे. पण तासन्‌तास घट्ट राहिलेला स्नायू स्वतःही दुखायला लागतो.

पूर्वी यावरून सरळ हिशोब मांडला जायचा. दुखण्यामुळे स्नायू आखडतो, आखडल्यामुळे आणखी दुखतं, तेव्हा हे चक्र तोडलं की माणूस बरा होईल. मात्र पाठदुखीच्या रुग्णांच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ती सगळ्यांमध्ये वाढलेली सापडली नाही. हाताला पाठ दगडासारखी लागते म्हणून तिथला स्नायू सतत आकुंचन पावलेलाच असतो असं नाही. ‘स्नायू सैल करा’ या उपायाला मर्यादा का पडतात, त्याचं एक कारण इथे आहे.

आखडण्याचे आणखी तीन प्रकार लोक याच्यात मिसळतात. रात्री पोटरीत वांब येतो तो वेगळा. तो काही मिनिटांत जातो आणि पायाचा चवडा आपल्याकडे ओढून धरला की सुटतो, त्यासाठी ही औषधं सहसा लागत नाहीत. पोटात मुरडा येतो तो आतड्याच्या स्नायूचा. त्यावरच्या ड्रोटाव्हेरिन किंवा डायसायक्लोमिनच्या गोळीने कंबर सुटत नाही. आणि पक्षाघातानंतर, मज्जारज्जूच्या इजेनंतर किंवा सेरेब्रल पाल्सीत हातपाय कडक होतात, तो तिसरा प्रकार. तिथे मेंदूचं स्नायूंवरचं नियंत्रणच बिघडलेलं असतं. बॅक्लोफेनसारख्या औषधाचा खरा उपयोग तिथे होतो आणि तो मोठा असतो. ज्यांचा कडक झालेला हात अंघोळीच्या वेळी घरच्यांना उघडता येत नाही, त्यांच्यासाठी हे औषध रोजचं जगणं सुसह्य करतं. पुढे मी जे लिहिते आहे ते या रुग्णांना लागू नाही. त्यांनी आपलं औषध या लेखावरून कमी-जास्त करू नये.

एका नावाखाली बरीच वेगळी औषधं

मसल रिलॅक्संट म्हणून ओळखली जाणारी औषधं एकमेकांची भावंडं नाहीत. टिझानिडिनचं नातं क्लोनिडिन या रक्तदाबाच्या औषधाशी आहे. ते मज्जारज्जूतल्या संदेशांचा जोर कमी करतं आणि जाता जाता रक्तदाबही खाली आणतं. डायझेपाम हे चिंता आणि फिट्स यांवरचं औषध आहे, ते मेंदूची एकूण उत्तेजना कमी करतं. सायक्लोबेन्झाप्रिनची रासायनिक घडण अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या जुन्या औषधासारखी आहे, म्हणून त्याने तोंड कोरडं पडतं आणि भरपूर झोप येते. क्लोरझॉक्साझोन आणि मेथोकार्बामॉल नेमकी कशी काम करतात याचं पूर्ण उत्तर आजही मिळालेलं नाही. त्यांचा बराचसा परिणाम एकूण गुंगीतून येतो असं मानतात.

थेट स्नायूच्या आत काम करणारं डँट्रोलीन नावाचं औषध आहे, पण ते पाठदुखीसाठी देत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ स्नायू पूर्ण सैल करणारी इंजेक्शनं देतात, तीही निराळीच. त्यांनी श्वासाचे स्नायूसुद्धा थांबतात, म्हणून ती व्हेंटिलेटरच्या सोबतीनेच वापरतात.

थायोकोल्चिकोसाइड हे आपल्याकडे खूप लिहिलं जाणारं औषध. त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर, झुडपांवर चढलेली लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या बियांमधून कोल्चिकोसाइड काढतात आणि त्यावर प्रक्रिया करून हे औषध बनवतात. झाड मात्र अतिशय विषारी आहे. त्याचा कंद किंवा बी घरगुती उपाय म्हणून वापरणं जिवावर बेतू शकतं.

या औषधाबद्दल युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३मध्ये कडक सूचना दिल्या. शरीरात त्याचं विघटन होताना तयार होणारा एक पदार्थ पेशींच्या विभाजनात गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं प्रयोगांत दिसलं होतं. म्हणून तिथे पोटात घेण्याच्या औषधाला जास्तीत जास्त ७ दिवसांची आणि इंजेक्शनला ५ दिवसांची मर्यादा घातली गेली. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना, १६ वर्षांखालच्या मुलांना आणि मूल होण्याच्या वयात गर्भनिरोधक न वापरणाऱ्या स्त्रियांना ते देऊ नये असं ठरलं. फिट्सचा त्रास असलेल्यांनाही ते टाळतात. अमेरिकेत या औषधाला मान्यताच नाही. आपल्याकडे तेच औषध महिनाभर चालू असलेली माणसं भेटतात, कारण संपलेली पट्टी दाखवून दुकानातून नवी आणणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. ही सवय मला फार काळजीची वाटते. चिठ्ठीवर ५ दिवस लिहिलं असेल तर त्याला कारण असतं.

फायदा किती

थोडा, आणि सुरुवातीच्या दिवसांत. २०२१मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३१ चाचण्यांमधल्या साडेसहा हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली होती. ताज्या कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी, ० ते १०० अशा मापावर, वेदना सरासरी ८ गुणांनी कमी झाली. रुग्णाला फरक जाणवायला साधारण १० गुणांची घट लागते असं धरतात. शिवाय हा पुरावा फारसा भक्कम नाही, असंही त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिलं. चक्कर, गुंगी, मळमळ हे त्रास मात्र वाढलेले दिसले.

न्यूयॉर्कमधल्या एका चाचणीचा निकाल मला त्याहून बोलका वाटतो. आपत्कालीन विभागात ताजी कंबरदुखी घेऊन आलेल्या ३२३ रुग्णांना नॅप्रोक्सेन हे सूज आणि वेदना कमी करणारं औषध दिलं. एका गटाला त्यासोबत सायक्लोबेन्झाप्रिन, दुसऱ्याला अफूवर्गातलं वेदनाशामक आणि तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. आठवड्याने तिन्ही गट जवळपास सारखेच होते. हा निकाल २०१५मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे डायझेपामबाबतही अशीच चाचणी झाली आणि निकाल तोच लागला.

मग डॉक्टर ही गोळी देतातच का? काहींना वेदनेमुळे रात्रभर डोळा लागत नाही, आणि झोपेविना दुखणं दुपटीने जाणवतं. अशा वेळी रात्री एक गोळी, दोन-तीन रात्री, याने माणसाला विसावा मिळतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शनात ताज्या कंबरदुखीसाठी आधी शेक, मालिश यांसारखे उपाय सांगितले आहेत, आणि औषध द्यायचंच तर वेदनाशामक किंवा मसल रिलॅक्संट हे पर्याय ठेवले आहेत. तीन महिन्यांपेक्षा जुन्या कंबरदुखीसाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये मसल रिलॅक्संट देऊ नयेत असाच सल्ला दिला. जुनं दुखणं आणि रोजची गोळी ही जोडी टिकवण्यात अर्थ नाही.

पट्टी उलटी करून वाचा

आपल्याकडे हे औषध एकटं क्वचित येतं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत तर साधारण असा मजकूर दिसेल: ॲसेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, क्लोरझॉक्साझोन २५० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत तीन औषधं. नाव एक, रंग एक, म्हणून आपण तिला एकच समजतो.

यातून गोंधळ कसा होतो ते पाहा. ही गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. मधेच अंग गरम वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल ६५०ची गोळी घेतली. शेजारच्या काकूंनी त्यांना लागू पडलेली डायक्लोफेनॅकची गोळी दिली, तीही घेतली. आता पॅरासिटामॉल दोन ठिकाणांहून जातंय, आणि ॲसेक्लोफेनॅक व डायक्लोफेनॅक ही एकाच वर्गातली औषधं एकावर एक पडलीत. पोटात जखमा होणं, रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, वाढलेला रक्तदाब हे धोके याच वर्गातून येतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा अल्सर असेल तर तिहेरी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. अशांना फक्त मसल रिलॅक्संटची गरज असेल तर तो सुटाही मिळतो.

पावसाळ्यात आणखी एक चूक होते. ताप येतो, अंग ठणकतं, आणि कपाटात उरलेली ‘अंगदुखीची गोळी’ घेतली जाते. तो ताप डेंग्यूचा निघाला तर तिच्यातलं ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवतं. डेंग्यूची शंका असताना तापाला फक्त पॅरासिटामॉल चालतं. कंबरेसाठी आणलेली उरलेली पट्टी तापावर वापरू नका.

क्लोरझॉक्साझोनने लघवीचा रंग क्वचित नारिंगी किंवा लालसर होतो, मेथोकार्बामॉलने तपकिरी, काळपट किंवा हिरवटसुद्धा. एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण डोळे पिवळे दिसले, भूक मेली, उजव्या कुशीत वरच्या बाजूला दुखू लागलं तर यकृताला त्रास होतोय असं समजून गोळी लगेच बंद करा आणि डॉक्टरांना भेटा.

वयस्कर माणसं, रक्तदाब आणि रात्रीची वेळ

सत्तरीच्या एखाद्या आजोबांचं उदाहरण घेऊ. रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे, आणि आता कंबरेसाठी रात्री टिझानिडिन सुरू झालं. तिन्ही रक्तदाब खाली आणणारी. पहाटे लघवीसाठी ते झटकन उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. कंबरेच्या उसणीवर घेतलेल्या गोळीपायी खुब्याचं हाड मोडणं हा फार महागडा सौदा आहे. अमेरिकेत वयस्करांसाठी टाळावयाच्या औषधांची ‘बीअर्स’ यादी असते. तिच्यात क्लोरझॉक्साझोन, मेथोकार्बामॉल, सायक्लोबेन्झाप्रिन, कॅरिसोप्रोडॉल ही नावं आहेत. कारणं हीच: गुंगी, गोंधळ, पडणं. गोळी द्यावीच लागली तर कमीत कमी मात्रा, पलंगाजवळ दिवा, आणि उठताना आधी मिनिटभर काठावर बसणं, एवढं पाळा.

टिझानिडिनची एक गाठ धोकादायक आहे, आणि ती आपल्या घरांत सहज पडू शकते. जुलाब किंवा लघवीचा संसर्ग झाला की सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक दिलं जातं. ते टिझानिडिनचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइम अडवतं. फिनलंडमधल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या रक्तातलं टिझानिडिनचं प्रमाण यामुळे सरासरी १० पट झालं होतं. रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. फ्लुवोक्सामिन या मनोविकारावरच्या औषधाने तर टिझानिडिनचं प्रमाण याहून कितीतरी जास्त वाढतं. ही औषधं टिझानिडिनबरोबर मुळीच घ्यायची नसतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही टिझानिडिनचं प्रमाण वाढतं, तेव्हा त्याही डॉक्टरांना सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून दवाखान्यात नेणं हा यावरचा सर्वांत चांगला उपाय.

दारू आणि ही गोळी एकत्र घ्यायची नाही. दोन्ही मेंदूलाच मंद करतात आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि खोकल्याची कोडीन असलेली औषधं यांनाही हेच लागू. गाडीचं म्हणाल तर रात्री घेतलेली गोळी सकाळी उतरलेली असेलच असं नाही. सायक्लोबेन्झाप्रिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे १८ तास लागतात. सकाळी दुचाकीवर कामाला जाणारा, यंत्रावर उभा राहणारा, परांचीवर चढून रंगकाम करणारा माणूस गुंगीत काम करतो आहे हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. कामाचं स्वरूप डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

सवय लागते का? सगळ्यांची नाही. डायझेपामची लागते. कॅरिसोप्रोडॉलची लागते, कारण शरीरात त्याचं मेप्रोबमेट बनतं आणि ते जुन्या काळचं, व्यसन लावणारं शामक आहे. टॅपेंटाडॉल हे अफूवर्गातलं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत जाऊन नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने त्यांचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. बॅक्लोफेनचं व्यसन लागत नसलं तरी बराच काळ चालू असलेलं बॅक्लोफेन अचानक बंद केलं तर फिट्स येऊ शकतात, भास होऊ शकतात. टिझानिडिन एकदम सोडलं तर रक्तदाब उसळतो. ही दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायची असतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांमध्ये बॅक्लोफेन शरीरात साठतं आणि माणूस गुंगीत, गोंधळात जातो, हेही डायलिसिसवर असलेल्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं.

गोळीखेरीज

ताजी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत बरीचशी उतरते. गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की आराम वाटतो, फक्त मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी चटका बसणार नाही हे पाहावं. अंथरुणात पडून राहणं मात्र नडतं. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणात विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. आपल्याकडे उसण भरली की घरचे प्रेमाने हलूही देत नाहीत, पण घरातल्या घरात चार फेऱ्या मारू द्याव्यात. दुखणं पुन्हा उलटू नये यासाठी चालण्याचा उपयोग तर आणखी स्पष्ट दिसला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, जी २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, हळूहळू वाढवत नेलेलं नियमित चालणं आणि पाठीविषयीचं मार्गदर्शन मिळालेल्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत साधारण २०८ दिवस गेले. ज्यांना हे मिळालं नाही त्यांची ११२ दिवसांतच.

काही पाठदुखीत मात्र या गोळीवर भिस्त ठेवून थांबणं घातक ठरतं. रात्री वाढणारं दुखणं, संध्याकाळी बारीक ताप, घटत चाललेलं वजन ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणं असू शकतात. आपल्या देशात तो दुर्मिळ नाही, आणि गोळ्यांनी दुखणं दबत राहिलं की निदानात महिने जातात. पूर्वी कर्करोग झालेला असणं, पडल्यानंतर किंवा हाडं ठिसूळ असताना सुरू झालेलं दुखणं, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणं, या परिस्थितीत तपासणी आधी आणि गोळी नंतर. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला जात असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न पाहता रात्रीच एमआरआयची आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं लागतं, कारण दाब काढायला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.